दिवा लागतो, चाक फिरत नाही

गडचांदूर
पौष पौर्णिमा, सकाळ

प्रिय वच्छला,

तुझ्या बाबांच्या टेबलावरून मी तो खोका उचलला आणि दारात उभी असलेली तू मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. लोकांना वाटते मी कॉलेज सोडलं तेव्हा बिघडलो. नाही. कॉलेज सोडलं तेव्हा मी नुसता घरी आलो होतो. बिघडलो, की सुधारलो, जे काय झालो ते त्या खोक्याच्या पायी.

आता तुला माहीत असलेलंच थोडं पुन्हा लिहितो. ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहायला हात वळत नाही. कारखान्याची भट्टी उभी करायला आलेला तो जर्मन साहेब जाताना तुझ्या बाबांना ती आगगाडी देऊन गेला. काळं इंजिन, तीन डबे, रुळांचं रिंगण आणि वीज कमीजास्त करायचा नॉबवाला डबा. साऱ्या फिटर लोकांत एकट्या गुणवंतरावांना. दरसाल चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरचा मेळावा आटोपून तुमचे सोयरे घरी आले की बाबा टेबल मोकळं करायचे, रूळ मांडायचे, आणि गाडी फिरायला लागली की त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला वाटायचं, ह्या माणसाकडून आत्ता काही मागून घ्यावं. कधी मागितलं नाही. धीरच झाला नाही.

थंडी पडली त्या महिन्यात तुमच्या घरचा फ्यूज उडाला म्हणून मला बोलावलं होतं. आजकाल फ्यूज, पंखे, बोर्ड हीच माझी डिग्री. फ्यूज बांधल्यावर वीज आली का बघायला बाबांनीच मला नॉब फिरवायला सांगितला. गाडी धावली, पण कुरकुर करत. मी तुझ्याकडे पाहून म्हणालो, "तेल मागून राह्यली ही." तू हसलीस. मला वाटलं, एवढ्या साध्या बोलण्यावर कोणी एवढं हसते का? घरी येईपर्यंत मी तेच हसू पुरवून पुरवून खात आलो. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

मग चिमूरचे पाहुणे आले. मास्तर मुलगा, त्याचे काका, मावशी. मी विहारातल्या खुर्च्या आणून देत होतो. तुला बघायला आलेल्या माणसांना बसायला खुर्च्या मीच आणून दिल्या, हे माझं मलाच नंतर उमगलं. चहा झाल्यावर बाबांनी गाडी मांडली. नॉब फिरवला. इंजिनाच्या पुढचा इवलासा दिवा लागला, आत काहीतरी गुणगुणलं, पण चाक जागचं हललं नाही. मास्तराचे काका म्हणाले, "गाडी लेट हाय वाटते." सारे हसले. बाबांचा चेहरा उतरला आणि तो उतरलेला चेहरा ठेवायला त्यांना जागा पाहिजे होती. ती जागा मी. "परवा यानंच हात लावला होता. जिथी हात लावते तिथी मोडते हा पोरगा. कॉलेजातलं मीटर बी यानंच फोडलं." मास्तरानं माझ्याकडे जसं पाहिलं तसं फुटलेल्या मीटरकडेही कोणी पाहत नाही.

मीटरचं मी तुला कधी धड सांगितलंच नाही. लॅबमधलं ते मीटर आधीच जळलेलं होतं. सर म्हणाले, रामटेके, तूच केलंस. मी म्हणालो, नाही सर. ते म्हणाले, तूच. मग मी ते उचललं आणि त्यांच्यासमोर फरशीवर आपटलं. "घ्या, आता खरं झालं तुमचं." असा मी. कोणी खोटा आळ घेतला की तो खरा करून दाखवण्यात मला काय गोडी वाटते, मला ठाऊक नाही. त्या दिवशीही माझा हात त्या इंजिनाकडे गेला होता, वच्छला. आपटायलाच गेला होता. पण तू दारात होतीस. म्हणून आपटण्याऐवजी मी ते रुळासकट खोक्यात भरलं आणि म्हणालो, "भाऊ, पाहुणे पक्कं करायले येतील त्याच्या आत चालू करून आणतो. नाई आणली तं तुमच्या दारात पाय ठेवणार नाई." बाबा म्हणाले, "आण बरं." एवढंच. पण त्यांच्या त्या दोन शब्दांत मला पुरतं बांधून टाकायला जागा होती.

आणि तू बोलली नाहीस.

मग सुरू झाली माझी वणवण. पहिल्यांदा इथल्याच रेडिओवाल्याकडे गेलो. त्यानं नॉबचा डबा तपासला, म्हणाला वीज तर बराबर येऊन राह्यली, दिवा लागते म्हणजे पोचते बी. मोटर माझं काम नाही. चंद्रपुरात जटपुरा गेटाजवळच्या घड्याळवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं, इंजिन उलटंपालटं केलं आणि दुकानाच्या पार टोकाला नेऊन ठेवलं, जसं काही ते चावते. "यातला एक पेच हरपला तं मी जर्मनीले जाऊ का?" उघडलंच नाही. बल्लारशाला लटारूभाऊ पंपाच्या मोटरी भरून देतात. त्यांनी इंजिन तळहातावर घेतलं आणि इतके हसले की कारागीर बाहेर आले. "बाबू, पाच हॉर्सपॉवरच्या खालची मोटर मी हातात घेत नाई. हरवते." मीही हसलो. पण त्यांच्यानंतर कोणाकडे जायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

नागपूरला सीताबर्डीवर एक मोठं खेळण्यांचं दुकान आहे. मालक फार गोड बोलला. त्याला गाडी दुरुस्त करायची नव्हती, विकत घ्यायची होती. "ऐसी चीज का कारीगर इंडिया में नहीं मिलेगा," म्हणाला, आणि खोका माझ्या हातून सुटावा म्हणून धरूनच ठेवला. मी हिसकावून घेतला. रस्त्यात उभा राहून आधी सगळे डबे जागेवर आहेत का ते पाहिलं. खोक्यावर जर्मनीतल्या खेळण्यांच्या कारखान्याचा पत्ता छापलेला होता, त्या पत्त्यावर डिक्शनरी पुढ्यात घेऊन इंग्रजी पत्र लिहिलं. लिहिताना 'डियर सर'पाशीच अडलो, की ज्याला मी कधी पाहिलं नाही त्याला डियर कसं म्हणायचं, आणि जिला रोज पाहतो तिला अजून एकदाही लिहिलं नाही. पोस्टमन दिसला की सायकलच्या घंटीआधी माझं काळीज वाजायचं. आजपर्यंत उत्तर नाही.

ह्या दिवसांत मी कसा होतो ते बाबांना विचार. माझ्या बाबांना. खोका उशाशी घेऊन निजायचो. मांजर आलं तरी उठून बसायचो. एसटीत बसलो की मांडीवर तो खोका, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला आधी इंजिनात बसायचा, मग मला. आमचे बाबा मशीनवर पॅन्ट शिवता शिवता म्हणायचे, "झालं काय तुझं विलायती बाळंतपण?" मी खेकसायचो. मग रस्त्यात कुठे तुझी मैत्रीण रुखमा भेटायची आणि सहज सांगितल्यासारखं सांगायची, की चिमूरवाले पौर्णिमेला येऊन राह्यले. तिला वाटायचं मला माहीत असावं. मला वाटायचं, कोणी सांगू नये.

शेवटचा पत्ता मिळाला आलापल्लीचा. लाकूड डेपोजवळच्या लाकडं चिरायच्या आरा-मशीनवर लालसू नावाचा मिस्त्री आहे, बाहेरच्या मशिनी खोलून बसवते, असं कोणीतरी सांगितलं. मी खोका घेऊन निघालो. गोंडपिपरीच्या पुढे दोन्हीकडे सागवान उभं राहिलं आणि खिडकीतून थंडी आत येऊन बसली. पोचलो तर लालसू मिस्त्री गावी गेलेला. त्याच्या घरात मयत झालेली. कधी येईल? कोणाला ठाऊक. मी एसटी स्टँडवर गोधडी पांघरून पडलो, खोका पोटाशी. फार विचार केले नाहीत, एकच केला: परत जाऊन काय सांगू? आणि त्या विचाराला टोक नव्हतं.

सकाळी स्टँडवरच्या सोमारीबाईनं चहाच्या टपरीपुढं शेकोटी केली. हात उघडत नव्हते माझे. मीही जाऊन बसलो आणि खोका बाजूला ठेवला, विस्तवाच्या जरा जास्तच जवळ. म्हातारी ओरडली, "बाबू, खोका जाळतं का? काय सासऱ्याचा आहेर हाय त्याच्यात?" मी दचकून खोका ओढला, उघडला, इंजिन बाहेर काढलं. ते कोमट झालं होतं. आणि माझ्या तळहातावर तेलाचा ओघळ आला.

मी बोटानं चाक ढकललं. फिरलं.

वच्छला, इतके दिवस जे चाक दगडासारखं होतं ते बोटानं फिरलं. मी उठून उभा राहिलो आणि वेड्यासारखा विचारू लागलो, बॅटरी आहे का कोणाजवळ, बॅटरी. एका म्हाताऱ्यानं दिली, सोमारीबाईनं टपरीतली दिली, सकाळच्या एसटीचा पोचू नावाचा ड्रायव्हर म्हणाला, "माझी बी घे, पण पोरगा झाला तं नाव माझं ठेवजो." सगळ्यांचे सेल काढून पेपरच्या सुरळीत एकापाठी एक भरले, दोन तारा घेतल्या, इंजिन उलटं धरून तारा चाकांना लावल्या. दिवा लागला. गुणगुणलं. आणि चाकं अशी सुटली की हातातून पळतात की काय! "सुटली न गाडी!" कोणीतरी ओरडलं. पोचूभाऊनं तोंडानं शिट्टी मारली, त्याची स्वतःची गाडी उशिरा सुटली त्याचं कोणाला काही नाही. मी हसत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि चाकं हळू होत होती. हळू, हळू, मग बंद. दिवा लागलेला. तेच गुणगुणणं. थंडीत इंजिन पुन्हा गार झालं होतं. मी विस्तवाजवळ धरलं, पुन्हा फिरलं. दूर नेलं, पुन्हा अडलं.

मग मी हात नाकाजवळ नेला. मी सांगायच्या आधीच सोमारीबाई म्हणाली, "हे तं टोरीचं तेल हाय न. थंडीत गोट्यावानी होते." टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. ते तुमच्या गल्लीत एकाच घरी असते, कारण एकाच घरी पोंभुर्ण्याची मावशी दरसाल बाटली भरून पाठवते. तो वास मला तेलाच्या आधी तुझ्या हातांचा म्हणून ठाऊक आहे. सकाळी शाळेच्या वाटेनं जाताना पाहिलेली तुमची खिडकी मला ठाऊक आहे: थंडीत गोठलेलं तेल पातळ व्हायला तू बाटली उन्हात ठेवतेस आणि दुपार व्हायच्या आत उचलून आत नेतेस.

आलापल्लीहून चंद्रपुरापर्यंत मी काय होतो ते सांगतो, लपवत नाही. मी पेटलेलो होतो. म्हणजे तू होतीस! मी म्हणालो तेल मागते, आणि त्यानंतर पाहुणे यायच्या आत तू तिला तेल दिलंस. ज्या तेलानं थंडीत काय होते ते तुझ्याएवढं कोणाला ठाऊक? आणि बाबा मला बोलत होते तेव्हा तू पदर गुंडाळत राहिलीस. एसटीत बसून मी वाक्य तयार करत होतो. तुमच्या अंगणात जायचं, मास्तर आणि त्याचे काका खुर्च्यांवर बसलेले असतील, आणि म्हणायचं, "भाऊ, हात माझा नव्हता, तुमच्या पोरीचा होता. वास घेऊन पाहा." शंभरदा म्हणून पाहिलं मनात. दरवेळी जास्त छान जमत गेलं. पुरावा होता ना माझ्याजवळ. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ पुरावा होता.

घरी येऊन इंजिन खोललं. आता भ्यालो नाही. बिघाड कळल्यावर भीती कशाची? घासलेट आणि जुना ब्रश घेऊन बसलो. आणि बघत गेलो, तेल कसं घातलंय ते. ओतलेलं नव्हतं. प्रत्येक चाकाच्या दांड्याला, जिथं बोट जात नाही तिथंही, पिसाच्या टोकानं थेंब थेंब सोडलेलं. दातेरी चाकात पिसाचा धागा अडकलेला सापडला. आणि मागच्या दांड्याला गुंडाळलेला एक केस. लांब, काळा. तुझ्या आईचे केस तर पिकले आहेत. म्हणजे तू ह्या इंजिनावर इतकी वाकून बसली होतीस की तुझी वेणी पुढं आली असेल. माझ्या एका वाक्यावरून. मी तो केस सोडवत बसलो आणि एसटीतलं ते छान जमलेलं वाक्य मला काही केल्या आठवेना.

बाबांच्या शिलाई मशीनचं तेल घातलं. आमच्या मोरीजवळच्या ओट्यावर, जिथं सकाळी पाणी हाताला चावते तिथं, रूळ मांडून गाडी चालवून पाहिली. तुमच्या घरून नॉबचा डबा आणलेलाच होता. धावली. आवाज न करता धावली. बाबा मशीन थांबवून बघत राहिले, मग म्हणाले, "चांगलं शिवलंस." एवढंच. आमच्याकडे ह्याच्यापेक्षा मोठी पदवी नाही.

आता हे पत्र का लिहितो ते सांगतो. आज दुपारी चिमूरवाले पक्कं करायला येतील आणि मी शब्द दिल्याप्रमाणे गाडी घेऊन येईन. बाबांनी विचारलं काय झालं होतं, तर म्हणीन, थंडीनं तेल गोठलं होतं. कोणतं तेल, ते माझ्या तोंडून येणार नाही. विचारलं कोणी घातलं, तर म्हणीन, भाऊ, तेल मागते असं मीच म्हणालो होतो. हे खोटं नाही. त्यातून ते माझं नाव धरतील तर धरू देत. ह्या वेळी मी काही आपटणार नाही. पण मला एक गोष्ट कळत नाही आणि ती कळल्याशिवाय मला श्वास पुरत नाही. तू हाताला लागलं ते तेल घातलंस, आणि गाडी अडली तेव्हा घाबरून गप्प राहिलीस? की तुला ठाऊक होतं, आणि ती गाडी त्या पाहुण्यांपुढं फिरूच नये असं तुला वाटत होतं? पहिलं असेल तर त्यात तुझा काही दोष नाही. मी गाडी फिरवून दाखवीन, खोका ठेवीन आणि निघेन. खुर्च्याही परत विहारात पोचवीन. दुसरं असेल तर आज दुपारी ती तेलाची बाटली खिडकीत ठेव. दुपारी ती तिथं कधी नसते, म्हणून मला चुकायचं नाही. बाटली दिसली तर गाडी फिरवून झाल्यावर मी निघणार नाही. खाली बसेन, आवाज न चढवता, आणि त्या गाडीकडे बघताना तुझ्या बाबांचा जो चेहरा होतो त्या चेहऱ्याकडे, सगळ्यांसमोर, तुला मागेन. त्या दिवशी तू बोलली नाहीस. आजही बोलू नकोस, तुझ्यावर काही येऊ नये. फक्त बाटली. ठेवायची की नाही, ते तुझं. तुझ्यासाठी ते कोणी ठरवू नये, बाबांनी नाही, मास्तरानं नाही, मीही नाही. हे पत्र रुखमाच्या हाती देतो आणि तू वाचेपर्यंत विहाराजवळ थांबतो. अक्षर सांभाळून घे. खोका काखेत घेतला आहे. आमच्या बाबांनी मशीनवरून मान हलवली. निघतो, दार ओढून घेतो.

बाटली असो नसो, तुझाच
हंसराज